छाती हलली म्हणजे सिस्टीम चांगली, असं कोण म्हणालं?

गणपतीला महिनाभर अवकाश होता. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, हायवेपासून जरा आत, पत्र्याच्या शेडमध्ये ओळखीच्या एका पोराची नवी सिस्टीम बघायला गेलो होतो. कर्ज काढून घेतलेली. चार बेस, चार टॉप, अँप, मिक्सर, सगळं करकरीत. "दादा, फक्त ऐका," म्हणाला आणि पेनड्राइव्हवरचा टेस्टिंगचा ट्रॅक लावला. आधी सायरन. मग कुणीतरी इंग्रजीत उलटे आकडे मोजतंय. मग धाड! परत धाड! पत्रे थडथडले, खिळ्याला अडकवलेली पक्कड खाली पडली, बाहेरची म्हैस दावं ताणून उभी राहिली. शेडमधली पोरं छातीवर हात ठेवून हसत होती. "बसला का धक्का?"

बसला. नाही म्हणत नाही.

मग मी म्हटलं, माझ्या मोबाइलला वायर लाव आणि आवाज निम्म्याच्या खाली आण. गिटारचा दणदणीत गोंगाट असलेलं एक जुनं इंग्रजी रॉक गाणं लावलं. शेडमध्ये जे ऐकू आलं त्याचं वर्णन एका शब्दात करतो: घ्यँऽऽऽ. गिटार, ड्रम, झांजा सगळं मिळून ओला पत्रा कापल्यासारखा एकच आवाज. गाणारा माणूस तर गायबच. पोरगा माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "दादा, गाणंच खराब हाय. फाटलेलं हाय."

गाणं फाटलेलं होतं हे खरं. ते मुद्दाम फाडलेलं होतं. पण तेच गाणं येताना गाडीत शंभर-दीडशेच्या इअरफोनवर ऐकलं तेव्हा गाणारा समोर उभा राहून गातोय असं वाटत होतं. लाखाच्या सिस्टीमवर तो नाहीसा झाला. मग खराब कोण?

आज हेच भांडण घेऊन आलोय. साताऱ्याच्या राजपथावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत इतकी वर्षं मिरवणुकांच्या मागे वही घेऊन चालतोय. डॉल्बी बंद की चालू, रात्री दहा की बारा, गुन्हे किती दाखल झाले, याच्या बातम्या करून करून हात दुखले. पण एक प्रश्न आम्ही पत्रकारांनीही कधी विचारला नाही. ही यंत्रं तपासतो कोण, आणि कशावर?

उत्तर लाजिरवाणं आहे. डॉल्बीवाले तपासतात धक्क्यावर. साहेब लोक तपासतात डेसिबलच्या मीटरवर. आणि सभागृहाच्या उद्घाटनाला येणारी सभ्य मंडळी तपासतात एखाद्या गोड, संथ भावगीतावर. माझं म्हणणं स्पष्ट आहे: तिघांचीही परीक्षा खोटी आहे. यंत्राची खरी परीक्षा घ्यायची तर सगळ्यात दाट, सगळ्यात फाटकं रॉक गाणं लावा, आणि तेही हळू आवाजात.

हसू आलं असेल तर हसून घ्या. आता कारणं सांगतो.

पहिलं, धक्क्याचा ट्रॅक. त्यात असतं काय? एक खालचा ठोका, मग मोकळी जागा, परत ठोका. पेपरात एकच प्रश्न, आणि तोही आधीच फुटलेला. मोठ्या पेटीत मोठा स्पीकर बसवून भरपूर करंट दिला की ठोका निघतोच. त्यासाठी यंत्र चांगलं असावं लागत नाही, दांडगं असलं की भागतं.

दुसरं, गोड भावगीत. एक आवाज, एक बासरी, मागे हळू तबला. यात यंत्राला काही कष्टच नाहीत. एकेक वाद्य रांगेनं येतं, मध्ये श्वास घ्यायला जागा असते. साधा घरगुती स्पीकरसुद्धा यात पास होतो. म्हणून उद्घाटनाच्या दिवशी सगळे "वा, काय सुरेख सिस्टीम" म्हणतात, आणि पुढच्याच आठवड्यात नाटकात तीन पात्रं एकदम बोलायला लागली की मागच्या रांगा एकमेकांना विचारतात, "काय म्हणाला रे?"

आता रॉक. गिटारचा तो फाटका आवाज आला कुठून हे आधी समजून घेऊ. अँपला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताणलं की आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जातात. छाटलेल्या लाटेत मूळ सुराच्या वरचे ढीगभर सूर तयार होतात आणि आवाज दाट, खरबरीत होतो. पुढे वादकांनी हे दुखणंच अलंकार केलं. १९६४ साली 'द किंक्स' या इंग्लिश बँडच्या डेव्ह डेव्हिस या पोरानं तर ब्लेड घेऊन आपल्या स्पीकरचा कागद चिरला, का तर आवाज तसा फाटावा. ते गाणं जगभर गाजलं.

म्हणजे अशा गाण्यात फाटलेपण हे कलाकाराचं असतं. त्यानं किती फाडायचं ते ठरवलेलं असतं, आणि त्या धुरळ्यातून गाणारा दिसेल एवढी वाट ठेवलेली असते. यंत्राचं काम एकच: आहे तसं दाखवणं, पदरचं काही न घालणं.

एक शहाणा प्रश्न इथे येतो, आणि तो मला एका इंजिनियर मित्रानं विचारलाही. "अरे, आधीच मळलेल्या कापडावर नवा डाग कसा दिसणार? यंत्र तपासायला स्वच्छ आवाजच हवा." ऐकायला बिनतोड आहे. एकट्या गिटारपुरतं खरंही आहे. पण अशा गाण्यात गिटार एकटी नसते. कमकुवत यंत्रात दोन सूर एकदम शिरले की ते एकमेकांत घोळ घालतात. १००० हर्ट्‌झचा सूर आणि १०० हर्ट्‌झचा सूर एकत्र दिले, तर वाईट यंत्रातून ९०० आणि ११०० चे नको असलेले सूरही बाहेर पडतात, जे मूळ गाण्यात कुणी वाजवलेलेच नाहीत. दोन सुरांत ही गत, तर दोन गिटार, बेस, ड्रम, झांजा आणि माणसाचा गळा एकदम आल्यावर काय होत असेल? हा चिखल भावगीतात जेमतेम होतो. दाट गाण्यात लगेच होतो आणि लगेच कळतो.

साधं उदाहरण देतो. चांगली मिसळ कितीही झणझणीत असू द्या, मटकी मटकी लागते, फरसाण फरसाण लागतं, कांदा कांदा लागतो. तीच मिसळ मिक्सरमधून काढली तर तिखटपणा तेवढाच राहील, पण तुम्ही काय खाताय ते सांगता येणार नाही. चांगली सिस्टीम मिसळ वाढते. आपल्याकडच्या बहुतेक सिस्टीम मिक्सर फिरवतात.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. स्पीकर तपासायला जगभरात 'पिंक नॉइज' नावाची खरखर वापरतात. धबधब्यासारखा आवाज, ज्यात प्रत्येक सप्तकाला सारखी ताकद दिलेली असते. सगळीकडून एकदम भरलेला आवाज असतो तो. दाट रॉक त्याच्या बराच जवळ जातो, वर त्यात ओळखता येईल असा माणूस गातही असतो. मोठ्या कार्यक्रमांचे साउंडवाले एसी/डीसी या बँडच्या १९८० च्या 'बॅक इन ब्लॅक'सारख्या गाण्यांवर मैदानातली सिस्टीम लावून बघतात ते उगाच नाही.

आता आपल्या लाडक्या 'डॉल्बी'कडे येऊ. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ट्रॉलीवरच्या भिंतीला आपण डॉल्बी म्हणतो. हे नाव आलं रे डॉल्बी या माणसाचं. १९६५ साली त्यानं लंडनमध्ये कंपनी काढली ती कशासाठी? टेपमधली खरखर कमी करण्यासाठी! नको असलेला आवाज घालवण्यात ज्याची हयात गेली, त्याचं नाव आपण नको असलेला आवाज वाढवणाऱ्या वस्तूला दिलं. विनोद करायला आपल्याला वेगळा कार्यक्रम लागत नाही.

आणि भिंतच म्हणाल तर 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन बँडनं १९७४ साली आपल्या सगळ्या भिंतींच्या तोंडात मारेल अशी भिंत उभी केली होती. सहाशेच्या आसपास स्पीकर, २६,४०० वॅट. पण का? प्रत्येक वाद्याला आणि गळ्याला वेगळा अँप, वेगळे स्पीकर, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात घोळणार नाही आणि लांब उभ्या असलेल्याला शब्द स्वच्छ कळेल. त्यांनी भिंत बांधली ती कळावं म्हणून. आपण बांधतो ती समोरच्या मंडळाची भिंत झाकावी म्हणून.

"असू दे की," असं म्हणाल. "मिरवणुकीत नाचायचं असतं, शब्द कुणाला ऐकायचेत?"

मग मिरवणूक सोडा. दुसरा प्रसंग सांगतो, यात नाच नाही.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. तिथं ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे नदीकाठच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पाणी चढायला लागलं त्या दिवसांत मी नदीकाठच्या एका वस्तीत उभा होतो. भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती. कुणी फिरवली हे सांगत नाही, कारण दुखणं एकाचं नाही. रिक्षातला माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि आम्हाला ऐकू येत होतं ते एवढंच: "…चाळीस फूट… …चाळीस फूट… सर्वांनी…" पुढे खरखर. माझ्या शेजारची म्हातारी विचारत होती, "बाबा, नुसतं चाळीस, का पंचेचाळीस?" मला सांगता येईना. चाळीस असेल तर भांडी वर ठेवायची आणि वाट बघायची. पंचेचाळीस असेल तर म्हातारीला उचलून निघायचं. दोन अक्षरांचा फरक, आणि नेमकी ती दोन अक्षरं भोंग्यानं खाल्ली होती.

त्या भोंग्याचा आवाज कमी नव्हता, कान फुटतील एवढा होता. पण बोलण्याचा जोर असतो स्वरांमध्ये आणि अर्थ असतो व्यंजनांमध्ये. व्यंजनं साधारण १००० ते ४००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात राहतात, आणि फाटकं यंत्र नेमका हाच पट्टा आधी खराब करतं. फाडलेल्या गिटारीही याच पट्ट्यात ठाण मांडून बसतात. म्हणूनच मी म्हणतो की गिटारीच्या गर्दीतून ज्या यंत्रावर गाणारा वेगळा ऐकू येतो, त्या यंत्रावर पुराचा आकडाही ऐकू येईल.

तीच गोष्ट ग्रामसभेची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी स्वतः बसलो होतो. ठराव वाचला गेला, माईक गुरगुरला, टाळ्या पडल्या, मंजूर. बाहेर आल्यावर पाच जणांना विचारलं कशाचा ठराव झाला. पाच उत्तरं आली. ज्याला लोकांना कळू द्यायचं नाही त्याला फाटका माईक फार सोयीचा असतो, हे राजकारण करणाऱ्यांना मी शिकवायला नको.

आता डेसिबल मीटरवाल्या साहेबांकडे. कायदा चांगला आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, सवलतीचे मोजके दिवस सोडून. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. याच नियमापायी मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम थांबले. तिथं कायदा गिटारीला लागला. आपल्याकडे ट्रॉली दवाखान्यावरून जाते तेव्हा तो चहा प्यायला गेलेला असतो.

पण समजा कायदा उद्या पाळला गेला. तरी मीटर एवढंच सांगणार, आवाज किती. कसा, ते सांगणार नाही. ७५ डेसिबलचं स्वच्छ बोलणं आणि ७५ डेसिबलची खरखर मीटरला सारखीच. आणि खरी मेख इथेच आहे. आवाज स्पष्ट नसला की माणूस काय करतो? बटण वर करतो. अँपची ताकद दुप्पट केली तरी आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला ताकद लागते साधारण दहापट. म्हणून बटण शेवटपर्यंत जातं, अँपवरचा लाल दिवा पेटतो आणि आमची पोरं खूश होतात, "आता फुल वाजतंय!" अरे बाबांनो, तो लाल दिवा शाबासकी देत नाही. लाटेचे शेंडे छाटले जातायत, असं ओरडून सांगतोय तो. थोड्या वेळानं टॉपचा डायफ्रॅम उडतो, कॉइल जळते, आणि सुपारीचे पैसे दुरुस्तीवाल्याकडे जातात.

डायफ्रॅम निदान बदलून मिळतो. कान मिळत नाही. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ट्रॉलीवर बेसला पाठ लावून आमची वीस-बावीस वर्षांची पोरं रात्रभर उभी असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना हाक मारली तर "काय?" म्हणतात आणि आपण म्हणतो पोरगं उद्धट आहे. जे पोरगं ऐकूनच यंत्र लावणार, त्याचाच कान आपण पहिला घालवतो. मग परीक्षा घ्यायला राहतो फक्त छातीचा धक्का.

"रॉक ही आपली संस्कृती आहे का?" हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. वरातीतला बेंजो आठवा. तारांना पिकअप लावून हॉर्नमधून फाडून काढलेला तो आवाज. फाटक्या आवाजावर नाचणं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आपण आधीपासूनच त्यातले आहोत.

आणि त्याहून मोठा दाखला मिरजेत आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तानपुरा तपासतो तेव्हा काय करतो? तो दणका देऊन बघत नाही. जवारी ऐकतो. घोडीचा माथा असा घासायचा की तार तिला जेमतेम स्पर्श करत थरथरेल आणि एका सुरातून वरच्या सुरांचा मोहोळ उठेल. तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, परत ऐकायचं. म्हणजे बघा, हेही एक प्रकारचं मोजून मापून फाडणंच आहे! आणि त्या दाट गुंजारवात एकेक सूर वेगळा लागतोय का, हीच त्याची परीक्षा. सांगली जिल्ह्यात हा कान दीडशेहून जास्त वर्षं आहे. त्याच जिल्ह्यात आपण यंत्र घेताना पत्रा हलतो का ते बघतो.

कुठलंही रॉक चालेल असंही नाही. काही रेकॉर्डिंग मुळातच बिघडवलेली असतात. मेटॅलिकाची २००८ ची 'डेथ मॅग्नेटिक' ही सीडी इतकी ताणून बनवली होती की त्यांच्याच चाहत्यांनी बोंब मारली. ती लावून यंत्राला नापास करू नका. सोप्या पेपरला 'बॅक इन ब्लॅक' घ्या, अवघड पेपरला माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडची १९९१ ची 'लव्हलेस'. त्यात गिटारींचा असा डोंगर आहे की गाणारी बाई त्याच्या पोटात बसलेली असते. ती तिथे आहे हे ज्या सिस्टीमवर कळलं, ती सिस्टीम डोळे झाकून घ्या.

मागणी करतोय, नुसती टीका नाही. मंडळांनो, ग्रामपंचायतींनो, सभागृहवाल्यांनो, एवढं करा.

१. यंत्राजवळ दोन माणसं न ओरडता बोलू शकतील इतक्याच आवाजात दाट रॉक गाणं लावा. गाणारा वेगळा, झांज वेगळी, गिटार वेगळी कळते का बघा. हळू आवाजात जे कळत नाही ते मोठ्या आवाजात कळणार नाही.

२. मग माईकवर एकेचाळीस ते एकोणपन्नासपर्यंतचे आकडे उलटसुलट बोला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला लिहून घ्यायला सांगा. दोन चुकले तर यंत्र परत.

३. लाल दिवा सतत पेटला तर ऑपरेटरला शाबासकी नको. बटण खाली.

४. सरकारी पैशातून खरेदी असेल तर वॅट मोजून बिल काढू नका. ही दोन्ही तपासणी लोकांसमोर होऊ द्या, बिल त्यानंतर.

५. ट्रॉलीवरच्या पोराच्या कानात बोळे घाला. काही रुपयांना मिळतात.

आता शेडकडे परत येतो, कारण गोष्ट अर्धी राहिली. "गाणं खराब" म्हणाला तरी पोरगा हुशार. गप्प बसून ऐकत राहिला. मग उठला, मागे गेला आणि एकेक टॉप बंद करून बघायला लागला. डावीकडच्या दोन टॉपची वायर उलटी जोडलेली निघाली, प्लसला मायनस. एका बाजूचे टॉप हवा पुढे ढकलत होते तेव्हा दुसऱ्या बाजूचे मागे ओढत होते, आणि मधोमध असलेला गाणारा त्या ओढाताणीत मरत होता. बेस ठीक होते म्हणून धक्का ठणठणीत बसत होता. त्या धाड-धाडच्या ट्रॅकवर हे दहा वर्षं कळलं नसतं. वायर सरळ केली, बेसचं बटण दोन घरं खाली आणलं. परत तेच गाणं. आणि त्या गोंगाटाच्या मधोमध एक माणूस येऊन उभा राहिला. शब्द कुणालाच कळले नाहीत, इंग्रजी होते. पण माणूस गातोय हे सगळ्यांना कळलं. म्हैसही खाली बसली होती.

परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, ते घ्यँवालं गाणं परत पाठवा की. माझ्या मोबाइलमधनं गेलं. दुसरी सिस्टीम बघायला जायचंय."

पाठवलं. तुम्हालाही हवं असेल तर सांगा. पटलं तर आपल्या मंडळाच्या अध्यक्षापर्यंत पोचवा, नाही पटलं तर भांडायला मी इथंच आहे. फक्त जे काय बोलाल ते स्पष्ट बोला.